अनुमानाची परीक्षा आहे, मग त्याची शाळा कुठे?

नोव्हेंबरच्या अखेरीस आयआयएमच्या प्रवेशाची कॅट आणि डिसेंबरच्या आरंभी विधी विद्यापीठांच्या प्रवेशाची क्लॅट उरकली, की नागपुरात दरवर्षी एक वाद डोके वर काढतो. धरमपेठ, रामदासपेठ, नंदनवन अशा भागांतल्या क्लासेसमध्ये, अभ्यासिकांत आणि पालकांच्या बोलण्यात विषय एकच असतो: ‘दिलेल्या उताऱ्यावरून पुढीलपैकी कोणते विधान निश्चितपणे सिद्ध होते’ या धाटणीचे अनुमानाचे प्रश्न प्रवेश परीक्षांत असावेत की नसावेत. एका पक्षाचे म्हणणे असे, की खरी बुद्धी जोखतात ते हेच प्रश्न, बाकी सारे पाठांतर. ज्याला ते सुटत नाहीत त्याने आयआयएमचे किंवा विधी विद्यापीठाचे नाव काढू नये. दुसऱ्या पक्षाच्या मते हे निव्वळ शब्दांचे डावपेच आहेत, ज्यांना महागडे क्लास परवडतात त्यांच्या सोयीचे, आणि ते काढून टाकले तरच गडचिरोली-गोंदियाच्या मुलांना न्याय मिळेल. ज्या शहरात मिहानमध्ये आयआयएम आहे, वारंग्याला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे आणि पूर्व विदर्भातली मुले खोली भाड्याने घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, त्या शहरात हा वाद व्हायलाच हवा. पण तो ज्या रीतीने चालतो ती रीत मला मान्य नाही, कारण दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली आहे: अनुमान करणे एक तर उपजत असते, नाहीतर ती विकत मिळणारी युक्ती असते. माझे मत असे, की अनुमान ही शिकवता येणारी आणि शिकवल्याशिवाय सहसा न येणारी विद्या आहे. म्हणून हे प्रश्न परीक्षेत राहिले पाहिजेत, आणि म्हणूनच ते शाळेत, मराठीतून, सर्वांना शिकवणे ही सरकारची जबाबदारी आहे. शिकवण्याची जबाबदारी झटकून नुसती तपासणी चालू ठेवणे हा अन्याय आहे; तो टाळण्यासाठी तपासणीच बंद करणे हा त्याहून मोठा.

वाद हवेत राहू नये म्हणून एक प्रश्न जवळून पाहू. तो कोणत्याही परीक्षेतला नाही, पण रचना नेहमीची आहे. उतारा असा: ‘एका तालुक्यात ज्या संत्राबागांत ठिबक संच बसवले होते, त्या सर्वांना सरकारी अनुदान मिळाले होते. ठिबक संच असलेल्या बहुतेक बागांत यंदा आंबिया बहाराची फळगळ गेल्या वर्षीपेक्षा कमी झाली.’ यावरून निश्चितपणे काय सिद्ध होते? पहिला पर्याय: ठिबकमुळे फळगळ कमी झाली. दुसरा: अनुदान मिळालेल्या बहुतेक बागांत फळगळ कमी झाली. तिसरा: ज्या बागेला अनुदान मिळाले नाही, त्या बागेत ठिबक संच नव्हता. चौथा: ठिबक नसलेल्या बागांत फळगळ वाढली. काटोल-नरखेडकडच्या, घरी बाग असलेल्या मुलापुढे हा प्रश्न ठेवला तर तो बहुधा पहिल्या पर्यायावर खूण करील, आणि ती खूण अज्ञानातून नव्हे, माहितीतून आलेली असेल. पाण्याचा ताण पडला की फळ गळते आणि ठिबकने ओल टिकते, हे त्याने घरच्या बागेत पाहिलेले आहे. पण उताऱ्यात कारण सांगितलेलेच नाही. यंदा पाऊस वेळेवर झाला असेल, कीड कमी पडली असेल, ठिबक नसलेल्या बागांतही फळगळ तेवढीच उतरली असेल. यांतले काहीही खरे असले तरी उताऱ्यातली दोन्ही विधाने अबाधित राहतात. चौथा पर्यायही याच कारणाने बाद होतो, कारण ठिबक नसलेल्या बागांतल्या फळगळीविषयी उताऱ्यात अवाक्षर नाही.

दुसरा पर्याय अधिक फसवा आहे. ठिबकवाल्या सर्व बागांना अनुदान मिळाले, यावरून अनुदान मिळालेली प्रत्येक बाग ठिबकवाली ठरत नाही. ते शेततळ्यासाठी किंवा अवजारांसाठीही मिळालेले असू शकते. तालुक्यात ठिबकच्या ४० बागा आणि अनुदान मिळालेल्या एकूण ४०० बागा असतील, तर त्या ४० पैकी ३० बागांत फळगळ कमी झाली एवढ्यावरून ४०० पैकी बहुतेकांचे काय झाले हे मुळीच कळत नाही. राहिला तिसरा पर्याय. ठिबक असते तर अनुदान मिळालेच असते. ते मिळाले नाही, अर्थात ठिबक नव्हते. या पर्यायात शेतीचे शहाणपण नाही आणि नवी बातमीही नाही, पण चारांत तोच एक असा आहे की तो नाकारायचा म्हटला तर उताऱ्यालाच खोटे पाडावे लागते. सोडवण्याची रीत एवढीच, की प्रत्येक पर्यायापाशी थांबून स्वतःला विचारायचे: दिलेले सारे खरे असूनही हा पर्याय खोटा ठरेल अशी परिस्थिती मला रचता येते का? रचता आली तर तो पर्याय गेला. अभ्यासिकेत बसलेल्या ज्या मुलांना ही रीत कुणीतरी सांगितलेली असते ती कच्च्या कागदावर ‘अनुदान’ असे मोठे वर्तुळ काढतात, त्याच्या आत ‘ठिबक’चे लहान वर्तुळ काढतात आणि दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेवर पेन्सिल टेकवून विचार करतात. ज्यांना सांगितलेली नसते, ती उताराच पुन्हा पुन्हा वाचत राहतात. दोघांतला फरक बुद्धीचा आहे असे त्या टेबलांमधून फिरणाऱ्या कुणालाही वाटणार नाही.

या प्रश्नांवरचा सर्वांत वजनदार आक्षेप इथेच उभा राहतो. हे प्रश्न अनुभवाला शिक्षा देतात, असे म्हटले जाते: शेतकऱ्याच्या मुलाला जे ठाऊक आहे तेच त्याच्या आड येते आणि ज्याने संत्र्याचे झाड कधी पाहिले नाही तो निर्धास्तपणे तिसऱ्या पर्यायावर पोचतो. आक्षेपात तथ्य आहे. १९३१-३२ मध्ये सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उझबेकिस्तानच्या खेड्यापाड्यांत जाऊन लोकांना असेच प्रश्न विचारले होते. दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतो, तिथली सर्व अस्वले पांढरी असतात. नोवाया झेमल्या दूर उत्तरेला आहे आणि तिथे कायम बर्फ असतो. तर तिथल्या अस्वलांचा रंग कोणता? बहुतेक निरक्षर शेतकऱ्यांनी उत्तर द्यायचेच नाकारले. आपण तिकडे गेलेलो नाही, जे पाहिले नाही त्याविषयी आपण बोलत नाही, ज्याने पाहिले असेल त्याला विचारा, असे त्यांचे म्हणणे होते. न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही न देणाऱ्या माणसाला मंदबुद्धी म्हणायचे काय? तो तर त्याच्या जगण्यातला प्रामाणिकपणा आहे. पण लुरियांना आणखी एक गोष्ट आढळली होती, आणि आपल्या वादात तिचा उल्लेख कुणी करत नाही. त्याच मुलखातली जी माणसे थोडेफार शिकली होती आणि सामूहिक शेतीच्या कारभारात वावरू लागली होती, त्यांना हेच प्रश्न फारशा अडचणीविना सुटत होते. गावे तीच, भाषा तीच, शेतीही तीच. मध्ये आले होते ते थोडे शिक्षण आणि कारभाराचा थोडा सराव. आपल्याला ठाऊक असलेले आणि समोरच्या विधानांतून निघणारे, ही दोन खाती वेगळी ठेवण्याची सवय माणसाला थोडक्या काळात लागू शकते.

आणि ती सवय कुणाला अधिक हवी आहे? जाहिरातीवर नजर टाका. अमुक औषध फवारलेल्या बहुतेक शेतकऱ्यांचे उत्पादन वाढले, असे छापलेले पत्रक विदर्भातल्या प्रत्येक कृषी केंद्राच्या काउंटरवर सापडते. हा आपल्या प्रश्नातलाच पहिला पर्याय आहे, फक्त इथे चुकीची किंमत एका गुणाऐवजी कर्जाच्या हप्त्यात मोजावी लागते. न फवारलेल्यांचे उत्पादन किती वाढले, हा प्रश्न ज्या मुलाच्या मनात आपोआप उभा राहतो तो घरच्या शेतीचाही अधिक चांगला कारभारी होईल. करोनाच्या काळात ‘हे घेतलेले बहुतेक लोक बरे झाले’ एवढ्या आधारावर किती काढे आणि गोळ्या आपण घराघरांत पोचवल्या, ते आठवून पाहावे. न घेतलेलेही बहुतेक जण बरे होतच होते. विधी विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्याला तर यातून सुटकाच नाही. न्यायाधीशाला एखादी गोष्ट व्यक्तिशः ठाऊक असली तरी तिच्या आधारे निकाल देता येत नाही. अभिलेखावर आलेल्या पुराव्यातून जे निघते तेवढ्यावरच त्याला थांबावे लागते. क्लॅटमधल्या अनुमानाच्या प्रश्नात हाच संयम मागितला जातो.

ही पाश्चात्त्यांची आयात आहे, असा एक सूरही मधूनमधून लागतो. त्याला उत्तर थोडक्यात देता येते. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातले, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातले, अनुमान प्रसिद्ध आहे. त्याच शास्त्राने लगेच बजावले, की याचे उलट धरता येत नाही: जिथे अग्नी तिथे धूर असतोच असे नाही, तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे पण धूर नाही. धूर निघायला ओले सरपण लागते, आणि ही लपलेली अट ज्याच्या ध्यानात येत नाही त्याचे अनुमान फसते. आपल्या प्रश्नातल्या दुसऱ्या पर्यायाची चूक नेमकी हीच आहे. पाठशाळांत मुले ही उदाहरणे घोकत, त्यांवर वाद घालत आणि हेत्वाभास, म्हणजे खऱ्यासारखी दिसणारी फसवी कारणे, ओळखायला शिकत. म्हणजे ही विद्या आपल्याकडे शतकानुशतके शिकवली जात होती. कुणाला, हा प्रश्न मात्र तेव्हाही होता. पाठशाळेचे दार बहुसंख्य जातींना आणि स्त्रियांना बंद होते, आणि ज्यांना शिकू दिले नाही त्यांनाच पुढे बुद्धीने कमी ठरवले गेले. दीक्षाभूमीच्या शहराला हा इतिहास नव्याने सांगण्याची गरज नसावी.

बुद्धीचे मोजमाप म्हणून या प्रश्नांची भलावण करणाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मानसशास्त्रज्ञाची गोष्ट जरूर वाचावी. प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅम यांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या चाचण्यांच्या आधारे १९२३ मध्ये असा निष्कर्ष काढला, की काही वंशांचे लोक जन्मतःच बुद्धीने उणे असतात. पुढे १९२६ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशासाठी सॅट ही परीक्षा सुरू झाली, तिची रचनाही त्यांचीच होती. पण १९३० मध्ये त्यांनीच जाहीरपणे आपला निष्कर्ष मागे घेतला आणि तो निराधार असल्याचे मान्य केले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही आणि ज्यांना तसे शिक्षण मिळालेले नाही, त्यांच्या गुणांवरून वंशाची बुद्धी ठरवता येत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. आपल्याकडे मात्र शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेपासूनच तर्काचे प्रश्न बुद्धिमत्ता चाचणी म्हणून मुलांपुढे येतात, आणि ज्याला ते सुटले नाहीत तो स्वतःविषयी कायमचा ग्रह करून बसतो. वास्तविक चांगली शिकलेली माणसेही इथे ठेचकाळतात. १९६६ मध्ये पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने मांडलेले चार पत्त्यांचे कोडे (‘अमुक असेल तर तमुक असते’ हा नियम पाळला गेला का, हे तपासायला चारांपैकी कोणते पत्ते उलटावेत?) विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच सुटते. दहांत एकाला सुटले तरी पुष्कळ. आणि तोच नियम पत्त्यांऐवजी दारू पिणाऱ्याच्या किमान वयाविषयी मांडला, की बहुतेकांना तो लगेच तपासता येतो. उपजत बुद्धी पाच मिनिटांत अशी कमी-जास्त होत नसते.

आता क्लासेसचा मुद्दा. पैसा खर्चून सराव केलेल्या मुलाला या प्रश्नांत पुढे जाता येते, हे निर्विवाद आहे. पण हे प्रश्न काढल्यावर त्यांची जागा कोण घेणार? परीक्षेचे एकूण गुण तर तेवढेच राहणार. ती जागा इंग्रजी शब्दसंपत्तीने, सामान्य ज्ञानाच्या याद्यांनी किंवा गणिताच्या आडवाटांनी भरली जाईल, आणि या तिन्हींत पैशाचा आणि घरच्या वातावरणाचा वाटा अनुमानापेक्षा मोठा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत काय झाले ते पाहावे. २०११ मध्ये सी-सॅट, म्हणजे आकलन आणि तर्क तपासणारा पेपर, आली, २०१४ मध्ये तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. आंदोलकांची मुख्य तक्रार इंग्रजीच्या वर्चस्वाविषयी आणि वाचताना अर्थच लागू नये अशा भाषांतरांविषयी होती, आणि ती शंभर टक्के रास्त होती. उपाय काय झाला? २०१५ पासून तो संपूर्ण पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता ठेवला गेला. दुखणे भाषेचे होते आणि कात्री तर्कावर चालली. मराठी माध्यमाच्या मुलाला त्या निर्णयानंतरही पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदीत किंवा इंग्रजीतच वाचावी लागते.

वेगाविषयीचा आक्षेप मी जवळजवळ पूर्णपणे मान्य करतो. राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न, आणि तेही लांबलचक उताऱ्यांवरचे. एवढ्या वेळात प्रत्येक पर्यायासमोर विरोधी परिस्थिती रचून पाहणे कुणालाही शक्य नाही. मग मुलांना सांगितले जाते, की ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘सर्व’ असे शब्द असलेला पर्याय डोळे मिटून खोडा आणि मवाळ भाषेतला पर्याय निवडा. आपल्या ठिबकच्या प्रश्नात हा तोडगा चालत नाही, कारण तिथे सर्वांत ठाम विधानच बरोबर आहे आणि ‘बहुतेक’वाले चूक, पण पुष्कळ प्रश्नपत्रिकांत तो चालतो, आणि चालतो तिथे परीक्षा तर्काची राहत नाही. हे दुखणे जुने आहे. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत, जिच्यात १८९९ मध्ये रघुनाथ परांजपे सीनियर रँग्लर, म्हणजे गुणानुक्रमे पहिले, झाले आणि महाराष्ट्राने त्यांना कायमची रँग्लर ही पदवी दिली, विद्यार्थी खाजगी शिक्षकांकडे वर्षानुवर्षे वेगाचा सराव करीत. एकट्या एडवर्ड राउथ यांच्या शिकवणीतून वीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. या पद्धतीने गणिताचाच गळा आवळला जातो, असे जी. एच. हार्डी यांच्यासारख्या गणितज्ञांनी आग्रहाने मांडले. केंब्रिजने गणिताची परीक्षा बंद केली नाही. तिने गुणानुक्रमाची यादी बंद केली. १९०९ ची यादी शेवटची ठरली. त्यानंतरची काही दशके केंब्रिजच्या गणिताच्या वैभवाची होती, हे श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रामुळे आपल्याला माहीत आहेच.

अगदी अलीकडचा दाखलाही याच दिशेचा आहे. अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांच्या एलसॅट परीक्षेत आसनव्यवस्था, क्रम, गट अशा कोड्यांचा एक स्वतंत्र विभाग होता. आकृती काढल्याशिवाय ती कोडी सुटत नसत, त्यामुळे दृष्टिहीन उमेदवारांवर अन्याय होत होता; २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार तो विभाग ऑगस्ट २०२४ पासून काढण्यात आला. त्याच्या जागी युक्तिवाद तपासण्याच्या प्रश्नांचा आणखी एक विभाग आला. म्हणजे आक्षेप ऐकला गेला, अन्याय करणारा प्रकार गेला आणि तर्काचे वजन उलट वाढले. त्या परीक्षेत अशा एका प्रश्नाला जवळपास दीड मिनिट मिळते. आपल्याकडे प्रश्न निम्मे करून वेळ तोच ठेवायला कोणता कायदा आड येतो?

भाषेच्या बाबतीत तर सबब सांगायलाही जागा उरलेली नाही. कॅट आणि क्लॅट आजही केवळ इंग्रजीत होतात. नीट मराठीतून देता येते, २०२१ पासून जेईई मेनही मराठीसह १३ भाषांत होते. उष्मागतिकी आणि आनुवंशिकी ज्या भाषेत विचारता येते, त्या भाषेत संत्राबागेविषयीच्या दोन विधानांवरचा प्रश्न विचारता येत नाही, हे कुणी पटवून द्यावे? उच्च शिक्षण इंग्रजीतच घ्यायचे आहे, म्हणून इंग्रजी तपासली पाहिजे, हे मला मान्य आहे. ती इंग्रजीच्या विभागात तपासावी. अनुमानाच्या विभागात चुकलेल्या मुलाला तर्क आला नाही की वाक्य कळले नाही, हे आज परीक्षा घेणाऱ्यांनाही सांगता येत नाही, आणि ज्या मोजमापातून काय मोजले हेच कळत नाही त्यावर प्रवेश ठरवणे गैर आहे. शिकवण्याची साधनेही हाताशी आहेत. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय आहे, बालभारतीचे त्याचे मराठी पाठ्यपुस्तक आहे, आधारविधान, निष्कर्ष, तर्कदोष ही सारी परिभाषा तयार आहे. पण तो विषय मुख्यतः कला शाखेच्या काही विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो, तोही ऐच्छिक. विज्ञान आणि वाणिज्य शाखेकडे वळलेल्या मुलाला तो बहुधा भेटतच नाही. त्यातला अनुमानाचा भाग आठवी ते दहावीच्या मराठी आणि गणिताच्या तासांत आणायला नवे शिक्षकपद लागत नाही. त्यासाठी शिक्षकांचे प्रशिक्षण लागते आणि आठवड्याचा एखादा तास लागतो.

शेवटचा आक्षेप असा, की हे प्रश्न मुळातच संदिग्ध असतात आणि उत्तरसूचीच चुकते. तेही खरे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या क्लॅटच्या उत्तरसूचीचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, गुण आणि क्रमवाऱ्या बदलाव्या लागल्या. पण यावरून प्रश्न काढून टाकावेत असे सिद्ध होते, की उत्तराची कारणे उघड करावीत असे? आज परीक्षेनंतर जी उत्तरसूची प्रसिद्ध होते तीत प्रश्न क्रमांकासमोर फक्त पर्यायाचे अक्षर असते, आणि हरकत घ्यायची तर प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरावे लागते. प्रश्न काढणाऱ्याने तीन पर्याय का चूक आणि एक का बरोबर, हे आधी स्वतःशी ठरवलेलेच असते. नसेल ठरवले, तर तो प्रश्न छापायलाच नको होता. राज्य सीईटी कक्षाने, जो आपल्याच सरकारच्या हाताखाली आहे, येत्या परीक्षेपासून अनुमानाच्या प्रत्येक प्रश्नाची ही कारणे दोन-चार ओळींत मराठी आणि इंग्रजीत उत्तरसूचीसोबत प्रसिद्ध करावीत, आणि हरकत खरी ठरली तर शुल्क परत करावे. त्यासाठी विधिमंडळाच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. अहेरीहून परीक्षा द्यायला आलेल्या ज्या मुलीने दुसरा पर्याय निवडला होता तिला मोठ्या वर्तुळातली मोकळी जागा आपल्या नजरेतून सुटली हे क्लास न लावता कळेल. आणि छापलेले कारणच चुकीचे असेल, तर कोणत्या वाक्यावर बोट ठेवून हरकत घ्यायची हेही तिच्या हाती येईल, जे आज नुसत्या अक्षराशी भांडताना येत नाही.